हात मिळवायचा नाही

कंपनीच्या बसची खिडकी अडकली होती, तिथून हे सगळं सुरू झालं.

पहिली शिफ्ट सुटली होती. चाकणहून रहाटणीकडे येणाऱ्या आमच्या बसमध्ये दोन-तीन कारखान्यांची माणसं असतात आणि मोशी येईपर्यंत निम्म्यांच्या माना कलंडलेल्या असतात. माझीही कलंडायच्या बेतात होती, पण उकाडा झोपू देईना आणि काच सरकेना. पुढच्या दोघांनी जोर लावून पाहिला. क्लीनरनं एक बुक्की मारून पाहिली. शेवटी मी वैतागून काचेची कड चिमटीत धरली आणि ओढली. सरकली. वारा आला, मी डोळे मिटले.

"मॅडम... तुमी चिमटीनं उघडलाव?"

मागच्या सीटवरून एक मुलगा पुढे वाकला होता. डोळे झोपेनं लाल, केसांत लोखंडाचा बारीक कीस. बघत होता तो माझ्याकडेच, पण चेहऱ्याकडे नाही, अंगठ्याकडे. इतकं टक लावून मला कुणी पहिल्यांदाच बघत होतं आणि नेमका अंगठा बघत होतं.

"मग काय पायानं उघडू?"

"तसं न्हाई... तीन गड्यांना जमलं न्हाई ते. रविवारी सुट्टी असती का तुमाला?"

"असते. झोपायला."

"झोपून झाल्यावर या की. रहाटणीला शेखरदादांचं वर्कशॉप हाय. तिथं आमी मूठ आवळतो."

"कुणावर?"

तो जरा गोंधळला. "कुणावर न्हाई... नुसतीच."

त्याचं नाव गणराज. गाव औसा, लातूरकडचा. पुनावळ्यात तिघांत एक खोली, कामाला लेथवर, तेही कंत्राटी. माझं नाव इंद्रायणी. मी गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधते. आठ तास पक्कड दाबायची आणि वायरीच्या टोकाला पितळी टोपी बसवायची, पुन्हा दाबायची. पप्पा भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झाले. ते म्हणतात, पोरीनं माझे डोळे घ्यायचे सोडून हात घेतले. तर हे हात घेऊन मी एका रविवारी तिथे गेले. का गेले, ते तेव्हा मला विचारलं असतं तर 'बघायला' म्हणाले असते.

शेखरदादा फॅब्रिकेशनवाले. रविवारी वर्कशॉप बंद असलं की शटर अर्धं वर करून ही मंडळी जमतात. नऊजण. कुणी दोन लोखंडी चकत्या चिमटीत उचलतं, कुणी कडक स्प्रिंगची मूठ दाबत बसतं, कुणी दांड्याला लोंबकळतं. सगळ्यांच्या तळव्याला घट्टे आणि सगळ्यांना त्यांचा भलताच अभिमान. शटरवर आतल्या बाजूनं रंगानं लिहिलंय – 'आत आल्यावर कोणीही कोणाशी हात मिळवायचा नाही.'

"हे काय?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"दोन वर्षांमागं दोघांनी नुसता रामराम करताना हात मिळवला," शेखरदादा म्हणाले. "कोणी आधी सोडंना. चहा गार झाला. शेवटी एकाचं बोट महिनाभर पट्टीत. तेव्हापासून लांबूनच नमस्कार."

म्हणून आम्ही लांबूनच. मी 'जय भीम' म्हणायची, तो 'जय भीम' म्हणून मान लववायचा आणि बाकड्यावर माझ्यासाठी जागा सरकवायचा. पकड घसरू नये म्हणून बोटांना लावायच्या खडूच्या पुडीचा डबा दोघांत एक. तो आधी माझ्यापुढे धरायचा, मग स्वतः बोटं बुडवायचा. गणपती गेले, दिवाळी गेली. त्यानं गावाहून शेंगदाण्याची चटणी आणली, मी त्याला ज्वारीच्या भाकरी नेऊन दिल्या. आमच्या शिफ्ट महिन्यातून जेमतेम एक आठवडा जुळायच्या. त्या आठवड्यात बसमध्ये शेजारी बसायचो आणि आमचं बोलणं असं –

"दमलाव?"

"दमले. तुम्ही?"

"मीबी."

एवढंच. मैत्रिणींचे मित्र त्यांना काय काय पाठवत असतात, चंद्र काय, गाणी काय. मला 'दमलाव?' पुरायचं. दिवसभरात तेवढं एकच कुणीतरी विचारायचं आणि उत्तर ऐकायला थांबायचं.

आणि मग डिसेंबरात तो म्हणाला, "तमिळनाडूत, होसूरच्या प्लांटला जा म्हणायलेत. तिकडं कायम करतो म्हणले. सोमवारपर्यंत सांगायचंय."

बस तळवडे चौकात अडकली होती. मी खिडकीबाहेर एक ट्रेलर वळताना बघत बसले.

"चांगलंय," मी म्हणाले.

"चांगलंच हाय." तो थांबला. "तुमाला काय वाटतंय?"

काय वाटणार... थांब, असं वाटत होतं. पण पाच वर्षं कंत्राटावर घासलेल्या माणसाला कायमची नोकरी सोड म्हणायचं कोणत्या तोंडानं? आणि मी त्याची कोण? ज्यानं अजून माझ्या हाताला हातही लावलेला नाही, त्याची?

"बघा बाई तुमचं तुम्ही," मी म्हणाले. तो त्याच्या स्टॉपला उतरून गेला. मला स्वतःचाच राग आला, पण तो करायलाही अंगात त्राण नव्हतं.

त्या रविवारी वर्षाची मोठी स्पर्धा होती. आधी स्प्रिंग आणि चकत्या, शेवटची फेरी जाड्या दांड्याची. मुठीत मावत नाही एवढा जाड पाइप, त्याला ज्याच्या त्याच्या वजनाच्या निम्मं वजन टांगायचं आणि एका हातानं धरून उभं राहायचं. शेवटपर्यंत धरील तो जिंकला. बाई-पुरुष असा फरक नाही. माझं डोकं दमलं की मी हातावर सोपवते, तसं ठरवलं – जिंकले तर 'थांब' म्हणायचं. हरले तर गप्प बसायचं, त्याला सुखानं जाऊ द्यायचं. मला एक मिनिट सहज जमायचं, तेव्हा थोडी लबाडीच होती ही.

पण शनिवारी एक मूर्खपणा केला. थंडीनं हात फुटले होते. भांडी घासताना तळव्याकडे लक्ष गेलं, खरखरीत, घट्टे पडलेला, पक्कडीच्या वळांचा. उद्या जिंकले, 'थांब' म्हणाले आणि त्यानं हात पुढे केला तर? हा हात द्यायचा त्याला? मेडिकलमधून क्रीमची गुलाबी ट्यूब आणली. झोपताना चोळलं. सकाळी उठून पुन्हा चोळलं. आई म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "थंडी."

गणराज ओव्हरटाइमची तिसरी शिफ्ट करून थेट वर्कशॉपवर आला होता. त्याची पाळी येईपर्यंत बाकड्यावर बसल्या बसल्या झोपला. शेखरदादांनी नाव पुकारलं की उठायचा, मूठ आवळायचा, समोरच्याला हरवायचा, परत येऊन झोपायचा. माझ्या पहिल्या दोन फेऱ्या स्प्रिंगच्या आणि चकत्यांच्या होत्या, त्या कशाबशा निघाल्या. तळवा जरा ओलसर वाटला. मी खडू जास्त लावला.

शेवटच्या, जाड्या दांड्याच्या फेरीला उरलो आम्ही दोघंच.

"दमलाव?" त्यानं शेजारी उभं राहत विचारलं.

"नाही," मी म्हणाले. पहिल्यांदाच खोटं बोलले त्याच्याशी.

शेखरदादांनी घड्याळ दाबलं. दांडा उचलला आणि मला कळून चुकलं. खडू आणि क्रीम मिळून तळव्यात लगदा झाला होता. जोर होता, सगळा होता, पण पाइप मुठीतून सरकत होता, हळूहळू, एकेका बोटावरून. मी दात आवळले. थांब, थांब, असं मनात म्हणत होते आणि मला कळेना की दांड्याला म्हणतेय की त्याला.

चौदा सेकंद. वजन धाडकन खाली आलं.

त्यानंही लगेच त्याचा दांडा ठेवला. "गणराज जिंकला," असं दादा म्हणाले. टाळ्या झाल्या. मी कोपऱ्यातल्या बाकड्यावर जाऊन बसले आणि हात ओढणीत लपवले. डोळे भरून आले होते. हरल्याचं नव्हतं ते रडू. आता गप्प बसायचं होतं, स्वतःच ठरवलं होतं तसं.

तो येऊन शेजारी बसला.

"चौदा सेकंदांत सोडणारा हात न्हाई तो. दुखतंय का?"

"नाही."

"मग दाखवा."

"काय दाखवा... रोजचाच आहे."

"गुलाबाचा वास यायलाय," तो म्हणाला.

मी हात ओढणीत आणखी आत घेतले.

"क्रीम?" त्याची झोपच उडाली. "जाड्या दांड्याच्या दिवशी? शेखरदादा भिंतीत चिणतील. असं कोण करतंय?"

"मऊ व्हावा म्हणून..."

"कशाला?"

मी समोरच्या शटरकडे बघितलं. मग वाटलं, एवढी दमलेय, आता लपवायला तरी ताकद कुठून आणू?

"तुम्ही धराल म्हणून."

कुणीतरी चहाचे दोन ग्लास आणून ठेवले आणि गेलं.

"जिंकले असते तर थांबा म्हणणार होते," मी म्हणाले. "आता हरले. तुम्ही जा. तिकडे कायम करतायत."

"हरलाव ते बरं झालं. हरून सांगितलाव म्हणून जास्त खरं वाटायलंय." तो स्वतःच्या तळव्याकडे बघत होता. "पाच वर्षं झाली इथं येऊन. थांब असं कुणीच म्हणलं न्हाई, म्हणून जायलो होतो. दमायचं तर तिकडंबी हाय आणि इकडंबी. पण एकट्यानं दमायचा कंटाळा आलाय मला. उद्या न्हाई म्हणून सांगतो."

"आणि नोकरी?"

"इथंबी करतील कायम. न्हाई केलं तर दुसरीकडं बघू. तुमी चिमटीनं खिडकी उघडलाव, मला एक नोकरी मिळंना का?"

मला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. त्यानं हात पुढे केला. शटरवरचा नियम बरोबर आमच्या समोर होता. मी लगदा ओढणीला पुसला आणि हात दिला.

त्यानं तो असा धरला, जणू आत काही जिवंत आहे. दोन्ही तळवे सारखेच खरखरीत. क्रीमचा काही उपयोग झाला नव्हता.

"जोरात धरलं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मला ढिला धरायचा सराव न्हाई."

"मलाही नाही."

मग जरा वेळानं, हळूच – "दमलीस?"

त्याचं 'तुमी' गेलं होतं. "खूप," मी म्हणाले आणि डोकं मागे भिंतीला टेकवलं.

शेखरदादांनी आम्हाला पाहिलं, नियमाकडे बोट केलं आणि मग सवयीनं घड्याळ सुरू केलं. "बघू, कोण आधी सोडतंय," असं म्हणाले म्हणे. मी ऐकलं नाही. "उठा रे, शटर ओढायचंय," म्हणत त्यांनी हलवलं, तेव्हा चहावर साय धरली होती आणि घड्याळात अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. त्यातली चाळीस तरी आम्ही दोघं गाढ झोपलो होतो. हात तेवढे सुटले नव्हते.