सत्तारचं अक्षर

जुन्नरच्या बाजारपेठेत ज्यांच्या दुकानात संगणक आहे, त्यातल्या निम्म्यांच्या शिव्या मी खाल्ल्या आहेत. प्रिंटर अडला, नेट गेलं, व्हायरस शिरला की लोकांना आधी मी आठवतो, आणि काम झालं की आधी मीच विसरला जातो. सत्तारभाई तसे नव्हते. चहा घेतल्याशिवाय ते मला पिशवी उचलू देत नसत. म्हणून त्या गुरुवारी त्यांच्या मुलीचा, अनिसाचा फोन आला, तेव्हा हातातलं काम टाकून निघालो.

सत्तारभाईंचा लग्नपत्रिकांचा छापखाना. मढपर्यंतच्या वाड्यावस्त्यांत लग्न ठरलं की पत्रिकेवर ‘सत्तारचं अक्षर’ पाहिजे असायचं. बोरूनं काढलेली ती मराठी अक्षरं त्यांनी संगणकात घेतली होती. एकदा कुणीतरी ती उचलून गावभर फ्लेक्सवर छापली. सत्तारभाईंना ते फार लागलं.

“ऋषीभाऊ, असं कुलूप पायजे, की तुमालाबी उघडता आलं न्हाई पायजे,” ते म्हणाले.

मी त्यांना आकड्यांची बटणं असलेली डिस्क आणून दिली. बरोबर नंबर दाबला तरच उघडणारी. दहादा चुकला की आतलं सगळं आपोआप पुसलं जाणार. किती संधी उरल्या, ते तिच्या छोट्या पट्टीवर दिसायचं. एक प्रत दुसरीकडे ठेवू म्हटलं, तर म्हणाले, “एक प्रत म्हंजी एक चोर वाढला.” मी हसून सोडून दिलं. ते हसणं आता आठवलं की चुटपुट लागते.

नंबर दाबताना ते डाव्या तळहाताचा आडोसा करत. मला फक्त ऐकू यायचं. चार बटणं झरझर, मग जरा थांबणं, मग तीन.

पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि त्याच्याबरोबर बरंच काही गेलं. अनिसा नंबर विचारायची, तेव्हा म्हणायचे, “आठवतंय मला. सांगीन.” एके दिवशी तिचा धीर सुटला. “आठवत न्हाई तर सरळ कबूल करा ना, अब्बा!” ते भिंतीकडे तोंड करून निजले. थोड्याच दिवसांत गेले.

डिस्क कपाटात राहिली. छापलेल्या पत्रिकांवरून अक्षरं उचलायला गेलं की त्यांचे काठ फुटायचे. लग्नसराई तोंडावर होती, लोक ‘सत्तारचं अक्षर’ मागत होते आणि अनिसा एकेकाला उद्यावर ढकलत होती.

मी पोहोचलो तेव्हा गुरुवारची लाईट गेलेली होती. शटर अर्धं खाली ओढलेलं. अनिसानं डिस्क टेबलावर ठेवली.

“तुमी नंबर दाबून बघितला व्हता का?”

“छे. मी हातही लावला नाही.”

“मग कोण दाबतंय? चावी माझ्यापाशी हाय. दर गुरुवारी एक संधी कमी व्हतीय… आता दोनच उरल्यात.”

डिस्कला तार जोडलेली नव्हती. तारेशिवाय ती म्हणजे विटेचा तुकडा. लाईट आली की बघू, असं म्हणून आम्ही बसलो. पंखा बंद, मशीन बंद. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला आणि विरला. शाईच्या वासात हळूहळू दुसरा वास मिसळायला लागला. लसूण घालून कढवलेलं मोहरीचं तेल. सत्तारभाईंच्या गेलेल्या हाताला अनिसा तेच चोळायची. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही आला होता.

टिक्…

एक बटण आत गेलं आणि वर आलं. आमच्यापैकी कुणाचाही हात टेबलावर नव्हता.

मग बराच वेळ काही नाही. टिक्… पुन्हा थांबणं. टिक्… घुटमळत, अंदाज घेत, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येईना म्हणून चाचपडावं तसं. ते झरझर दाबणं त्यात कुठेच नव्हतं. सातव्यांदा वाजलं आणि लाल दिवा लागला. पट्टीवर एकच संधी उरली.

“अब्बा…” अनिसा कुजबुजली. “रहने दो, अब्बा. न्हाई आठवत तर न्हाई आठवत. मी रागावले न्हाई…”

सगळं शांत झालं. त्यांनी ऐकलं, असं मला वाटलं. मी डिस्क उचलायला हात पुढे केला.

टिक्.

मी पटकन सगळ्या बटणांवर तळहात दाबून धरला. तळहाताखाली एक बटण खाली गेलं… मग दुसरं… एकेक करत सातवं. थंडी पार कोपरापर्यंत चढली. मी ओरडलो की नाही, ते आठवत नाही. बोटांच्या फटीतून लाल उजेड आला, आणि त्याच क्षणी लाईट आली. पंखा फिरायला लागला. तार जोडून बघितलं. डिस्क कोरी होती.

अनिसा रडली नाही. “मीच म्हणाले, कबूल करा,” एवढंच बोलली. “म्हणून बसले आठवत.”

त्यानंतर तिनं बोरू हातात घेतला. तिची अक्षरं बापासारखी नाहीत, जरा तिरकी आहेत, पण जिवंत आहेत. लोकांना आवडू लागली. या वेळी मी सगळं नीट केलं. नवी डिस्क, नंबर आम्हा दोघांनाही माहीत, आणि एक प्रत तसल्याच दुसऱ्या डिस्कवर डिंगोऱ्याला माझ्या घरी.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आवाज अगदी खाली होता.

“आज नव्या डिस्कवर वाजलं, ऋषीभाऊ. चार झरझर… जरा थांबले… मग तीन. कुठंच अडले न्हाईत. तवापासून तेच, पुन्हा पुन्हा.”

त्यांना नंबर आठवला होता. पण ज्या डिस्कचा आठवला, ती पुसली गेली होती. नव्या डिस्कसाठी तो चुकीचाच.

“किती उरल्या?”

“तीन.”

“मी येतो आणि डिस्क हलवतो. नाहीतर त्यातली तुझी अक्षरं जातील, अनिसा.”



“नका येऊ. इतक्या दिसांनी आठवलंय त्यांना… आता कुठल्या तोंडानं सांगू, की ती डिस्क ही न्हवं?”

मी गेलो नाही. दुकानातली डिस्क पुसली गेली तरी तिची अक्षरं माझ्या घरच्या प्रतीत आहेतच, अशी मनाची समजूत घातली. ती प्रतीची डिस्क पत्र्याच्या पेटीत, गोधड्यांच्या खाली आहे. पेटीला कुलूप आहे.

काल गुरुवार होता. दुपारी जेवताना मोहिनीचा, माझ्या बायकोचा, घास हातातच राहिला.

“अवं… पेटीत काय वाजतंय?”

मी मान खाली घालून जेवत राहिलो. पेटी उघडली नाही. पण कान थोडेच बंद करता येतात. चार झरझर वाजली. मग ते जरा थांबले.