हार हातात

दत्तजयंतीचा दिवस, बोरगाव मेघेचं देऊळ, आणि माझा पूर्वरंग नुकताच आटोपला होता. निरूपण संपलं की आख्यानाआधी कीर्तनकाराला बुक्का लावायचा, गळ्यात हार घालायचा, ही रीत. हार नेहमी अध्यक्ष बापूराव घालतात. पण त्या दिवशी त्यांची कंबर धरली होती. त्यांनी बसल्या बसल्याच तो तबलजीकडे सरकवला.

"घाल रे बाबू, तूच जवळ आहेस."

तबलजी नवाच होता, ऐनवेळी मिळालेला. तो उठला, हार दोन्ही हातांनी पसरला... आणि बायकांच्या बाजूला खसखस पिकली. तरण्या मुलीला तरण्या मुलानं हार घालायचा — अजून काय हवं होतं त्यांना!

मी घाईनं हात पुढे केले. "गळ्यात नको. हातात द्या."

आमच्या घरात हार हातातच घेतात. पण त्याचं लक्ष हाराकडे नव्हतंच. इतका वेळ पदराखाली लपवलेला माझा उजवा हात बाहेर आला होता — पुरीसारखा टम्म फुगलेला. त्यानं हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हार अलगद माझ्या डाव्या हातावर ठेवला. आणि आख्यानभर माझ्या चिपळ्यांचाही भार त्याच्या तबल्यानंच वाहिला.

आरतीनंतर तो प्रसादाचा शिरा घेऊन शेजारी आला. "बुवा, हात दुखते का?"

"सगळे मले इराताई म्हणतात. तुम्ही बुवा काऊन?"

"ताई म्हणायचं मन नाई होऊन राह्यलं," तो शिऱ्याकडे पाहत म्हणाला.

मला हसू आवरेना. "काल समुद्रपूरले कीर्तन होतं. चिपळ्या जास्त वाजवल्या का असं होते. परवापर्यंत उतरते."

"खाज येते?"

"नाई."

"अ‍ॅलर्जीच्या गोळीनं उतरते?"

"कधीच नाई. आईनं वांगं बंद केलं, शेंगदाणे बंद केले. आता फक्त हवा खायची राह्यली."

तो हसला, मग थांबला. "घरात आणखी कोणाले होते?"

बाबांचं कसं सांगायचं? वीस वर्षांपूर्वी हिंगणघाटात हरिभाऊबुवांचं कीर्तन म्हणजे पाय ठेवायला जागा नसायची. एकदा पूर्वरंग झाला, गळ्यात हार पडला, आणि थोड्याच वेळात गळा आतून सुजत गेला. आवाज बंद, श्वास घेणं कठीण. दवाखान्यात जीव वाचला, पण आख्यान अर्धवट राहिलं ते राहिलंच. 'हाराचा गर्व झाला, देवानं गळा धरला,' असा निकाल बाबांनी स्वतःच लावून टाकला. मला घरी सगळं शिकवलं, पण माझ्या कीर्तनाला ते कधी आले नाहीत. आणि हार गळ्यात घ्यायचा नाही, हे तेव्हापासूनचं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "रक्त देता का, बुवा?"

"पहिल्याच भेटीत रक्त?"

"मले पगारच त्याचा भेटते."

ऋग्वेद नाव त्याचं. वर्ध्याच्या एका दवाखान्यात रक्ततपासणी करायचा. तिथल्या डॉक्टरांनी माझं रक्त घेतलं, कुरकुरत आलेल्या बाबांचंही घेतलं. पुढची तपासणी मुंबईला. तोवर ऋग्वेद रोज फोन करायचा, "हात कसा आहे?" माघ लागेपर्यंत त्या प्रश्नातला हात गळाला होता... "कशी आहेस?" एवढंच उरलं होतं.

रिपोर्ट आला तेव्हा तो बसनं हिंगणघाटला आला. ओट्यावर बाबांसमोर मांडी घालून बसला.

"बाबा, रक्तात एक प्रथिन असते, सी-वन इनहिबिटर. रोगाशी लढणारी फौज उगाच भडकू नये म्हणून तिले आवरते. टाळकरी लय वाढवत सुटले का बुवा हात वर करते ना, तसं. ते बनवणारं जनुक तुमच्यात बिघडलेलं आहे. तेच इराले आलं. हात वर करणारं कमी पडलं, का सूज."

बाबांनी रिपोर्टाचा कागद उलटून पाहिला. "म्हणजे... देव रागावला नव्हता?"

"नाई, बाबा. हाराचाही दोष नाई, हे जन्मापासूनच होतं."

बाबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुसतच राहिले. "वीस वर्षं त्या माउलीवर आळ घेतला मी."

ऋग्वेदनं त्यांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी दिली. "गळ्यात जराही काही वाटलं का घरी थांबायचं नाई, सरळ दवाखाना. हे खिशातच ठेवजा. औषध आहे याचं."

बसस्टँडपर्यंत मी पोचवायला गेले. वाटेत तो मध्येच थांबला. तबल्यावर इतकी नेमकी पडणारी बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती.

"बुवा... लग्न करशील माझ्याशी?"

हसू फुटता फुटता मला रिपोर्ट आठवला. "रिपोर्ट तूच वाचला ना? आईबापापैकी एकाले असलं तर लेकराले यायची शक्यता निम्मी. आलं तर?"

"तर काऊन सुजते ते त्याले पहिल्यापासून माहीत राहीन. तुझ्या बाबाले वीस वर्षं लागले."

"रामनवमीले सांगीन," मी म्हटलं. बस धूळ उडवत गेली, मी तिथंच उभी.

रामनवमीला तेच देऊळ. तबल्यावर तोच. आणि अगदी पुढे, खिशात चिठ्ठी ठेवून, बाबा. वीस वर्षांनी कीर्तनात.

पूर्वरंग संपला. बापूराव हार घेऊन टुणकन उठले.

"बापूराव," बाबा म्हणाले, "कंबर दुखते ना तुमची?"

"नाई जी, आता तर..."

"दुखते."

बापूरावांनी बाबांकडे पाहिलं, तबलजीकडे पाहिलं, आणि कंबर धरून हळूच खाली बसले. बायकांच्या बाजूला पुन्हा खसखस पिकली.

ऋग्वेद हार घेऊन माझ्यापुढे थांबला. माझे हात पुढे येण्याची वाट पाहत होता. मी चिपळ्या छातीशी धरल्या... आणि मान वाकवली.

शेवंतीवरचं पाणी मानेवरून गार ओघळलं. समोर बाबांनी रामनामाचा गजर उचलला — आवाज घोगरा, पण सूर तोच, जुना.

मी आख्यानाला सुरुवात केली. तबल्याचा ठेका मात्र पहिल्याच आवर्तनात चुकला.

"बुवा," मी त्याच्याकडे न पाहता पुटपुटले, "सांभाळून."