पट्टीची टक्

ही हकीकत खरी आहे. ज्याच्या घरी ती घडली तो वकिलाच्या कचेरीत मसुदे तपासतो आणि पुराव्यावाचून एक ओळही पुढे जाऊ देत नाही. घरात त्याला सगळे धाकटा म्हणतात. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो आजही नाही.

त्याचा राग भुतावर नाहीच. दादावर आहे.

आणि हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं, बोळाच्या टोकाला असलेल्या जुन्या घरात, मधल्या खोलीत.

त्या घराचं वायरिंग वडिलांनी स्वतः केलं होतं. वडील सुतार. लाकडी पट्ट्यांच्या आत कापडी वेष्टणाच्या वायरी, त्याही वर्षानुवर्षं भिंतीच्या ओलीत मुरलेल्या. पुढे बटणांना शॉक बसू लागला. दुसऱ्या कोणी वायरमन बोलावला असता. सुताराला विजेवरही लाकूडच सुचलं. त्यांनी प्रत्येक बोर्डाशेजारी रंधा मारून गुळगुळीत केलेली एक पट्टी दोरीने टांगली. बटण बोटाने दाबायचं नाही, पट्टीने दाबायचं.

टक्.

पाहुणे हसत. घरचेही हसत. वडील गेले, पट्ट्या राहिल्या.

मग आईची दृष्टी गेली.

आता तिचे हातच तिचे डोळे. भिंतीवरून तळवा सरकवत ती घरभर फिरे. आणि पट्टी शोधायची, तर आधी बोर्ड चाचपावा लागे...

"दादा, वायरिंग बदलू या," धाकटा म्हणाला.

"बाबांच्या हातचं काम आहे ते. इतकी वर्षं काही झालं?"

"भिंतीला हात लावला तर मुंग्या येतात."

"मग लावू नये."

"आई काय कानांनी चाचपडेल?"

"आले वकीलसाहेब!" दादा वहिनीकडे वळून म्हणाला. "साक्षीदार हजर करा!"

धाकट्याने वायरमन आणला. त्याने मेन स्विच बंद करून एक लाकडी झाकण उचकटलं आणि आतली वायर चिमटीत धरली, तर वेष्टणाचा भुगा झाला. फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी तांब्याची जाडजूड तार निघाली.

"ही कोणी घातली?"

"मी," दादा ऐटीत म्हणाला. "सारखा उडायचा. आता उडत नाही."

"अहो, तो उडतो म्हणून घर जळत नाही!"

दादाने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. घर दादाच्या नावावर होतं.

त्या दुपारी आई घरात एकटीच होती. धाकटा जेवायला आला. कुलूप काढताना त्याला आतून आवाज आला...

टक्.

आई बोर्डासमोर मनगट चोळत उभी होती.

"कशाला रे मारलंस? पंखाच लावत होते."

"मी आत्ता येतोय, आई."

"मग पट्टीने फटका कोणी दिला?"

तिच्या मनगटावर सरळ, लाल वळ उठला होता. पट्टीच्या रुंदीचा.

खिडक्या बंद होत्या. पंखा बंद होता.

आणि दोरीला टांगलेली पट्टी... हलत होती.

धाकट्याने बोर्ड पाहिला. एका बटणाची टोपी गळून पडली होती, आतलं पितळ उघडं. त्याने टेस्टर टेकवला. टेस्टर लखलखला.

संध्याकाळी त्याने सगळं दादापुढे मांडलं: वळ, टोपी, टेस्टर. आता तरी जिंकलो, असं त्याला वाटलं. दादाने आईचा वळ निरखून पाहिला. त्याचे डोळे भरून आले.

"बाबा आहेत रे," तो म्हणाला. "स्वतः राखण करताहेत. मग आता काळजी कसली? आणि तू त्यांचंच काम उखडायला निघाला होतास!"

धाकट्याला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. पण त्या घरात तेही धोक्याचं होतं.

दादाने उघड्या बटणावर चिकटपट्टी लावली. विषय संपला.

पुढे ती टक् वरचेवर येऊ लागली. आईचा हात भलत्या जागी गेला की टक्... आणि हात मागे. वहिनी शेजारणींना कौतुकाने सांगू लागली. आई बिनधास्त झाली. धाकट्याने आणलेले रबरी हातमोजे तिने काढून ठेवले.

"यांतून मला काही दिसत नाही रे. आणि तुझे बाबा आहेत ना."

मग एका दुपारी तो घरी आला, तेव्हा घर फार शांत होतं.

प्रत्येक बोर्डाखाली पट्टी पडली होती. मधोमध मोडलेली. दोऱ्या खिळ्यांना तशाच लोंबत होत्या.

"वाळवी," दादा म्हणाला.

"एकाच दिवशी? सगळ्या?"

"जुनं लाकूड आहे."

"आणि वायरी काय नव्या आहेत?"

दादा चहा ढवळत राहिला.

सांगून सांगून थकलेला माणूस हातातली वस्तू आपटून निघून जातो, तशा त्या पट्ट्या पडल्या होत्या. ती चीड धाकट्याच्या चांगल्या ओळखीची होती.

तेव्हापासून टक् नाही.

धाकट्याने रजा घेतली आहे. फ्यूजची तार तो रोज काढतो. दादा रोज परत घालतो. उरलेला दिवस धाकटा आईच्या मागे मागे चालतो.

ती बोर्डापाशी थांबते. बोटं बटणांच्या अगदी जवळ नेते. मान कलती करते... ऐकते.

"अहो," ती हळूच म्हणते, "आहात ना?"

उत्तर येत नाही. तिची बोटं पुढे सरकतात. धाकटा झडप घालून तिचं मनगट धरतो.

ती समाधानाने हसते.

"आई, मी आहे. मी धरलंय."

तिचा विश्वास बसत नाही.

आणि सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचं आहे.