पालखीचा फणस

"ताई, पालखीचं लाकूड मी जाळलो म्हणून सगळा गाव बोलतोय. उद्याच्या बैठकीत माझ्याकडनं मशीन काढून घेणार हाईत."

क्रांती खुर्चीच्या कडेवर बसून सांगत होती. वकील मीनाक्षी सबनीस यांच्या कोल्हापुरातल्या ऑफिसात रडणारे अशील पुष्कळ येत. ही मात्र संतापली होती. नृसिंहला ती तिथंच आवडली. नृसिंह हा ताईंचा मावसभाऊ. गाडी चालवणं, टिपणं काढणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही तिन्ही कामं तो मन लावून करी.

वळवाच्या वाऱ्यानं गडमुडशिंगीत शेकडो झाडं पडली होती. उघड्यावर पेटवली तर गाव धुरानं गुदमरलं असतं, म्हणून पंचायतीनं लाकूड जाळायचं यंत्र आणलं आणि ते क्रांतीच्या हाती दिलं. पडलेल्यांत देवळामागचा फणसही होता. त्याचा ओंडका देवीच्या नव्या पालखीसाठी भंडारा लावून यंत्राच्या यार्डात वेगळा ठेवला होता. मंगळवारी सकाळी तो नाहीसा झाला.

ताई आणि नृसिंह गावात पोचले ते आधी देवळामागं गेले. फणसाच्या उरलेल्या बुडख्याचा गाभा हळदीसारखा पिवळा होता. यार्डात ओंडक्याच्या जागी नुसता सुका पाला होता.

"जाळ विझलाय वाटतं. धूर कुठंय?" नृसिंहनं विचारलं.

"जवळ या, पावणं."

दोन पावलं पुढं जाताच त्याचं तोंड भाजलं. लोखंडी पेटीत जाळ धडधडत होता. वरच्या कडेनं पंखा हवेचा जोरदार पडदा सोडत होता.

"धूर वर आला की पडद्याला धडकून परत जाळात जातो आणि तिथंच जळतो. मागं थोडी राख उरते," क्रांती म्हणाली.

"धूर कधीच येत नाही?" ताईंनी विचारलं.

"पेटवताना येतो, पंखा लावायच्या आधी. मंगळवारी आठला पेटवलो, सव्वाआठला पंखा लावलो. न्हाईतर लाकूड पडद्याच्या वर आलं, की मग काळे लोट."

"तो ओंडका आत मावला असता?"

"अख्खा टाकला असता तर वर आलाच असता की."

राखणदार पिराजी कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "मी साडेधाला जेवाय गेलतो. चार ट्रॅक्टर फांद्या टाकून गेलं. वखारीचा क्रेनवाला बी त्यातच."

नृसिंहनं वहीत पिराजीचं नाव दोनदा अधोरेखित केलं.

वखारवाले विजयसिंह अघळपघळ गृहस्थ. त्यांनी नृसिंहला बाकावर बसवलं, चहा मागवला.

"मी हितनं बघितलो की. मंगळवारी अकराला यार्डावर काळा धूर आभाळाला टेकलेला. म्हटलं, गेला फणस."

"सध्या काय कापताय?" ताईंनी विचारलं.

"बाभूळ आन् निलगिरी. आठ दिवस दुसरं काय न्हाय."

उठताना नृसिंहच्या पांढऱ्या पँटीला मागून पिवळं लागलं होतं. भंडारा असेल, म्हणून त्यानं झटकलं. ताईंनी मात्र वाकून नीट बघितलं.

यार्डाच्या भिंतीला लागून झुंबरबाईंचं घर. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, पांढऱ्याशुभ्र. ताईंनी एक मोडून तोंडात टाकली.

"कधी घातल्या?"

"मंगळवारी नऊला. सांजपतुर हितंच हुत्या." झुंबरबाईंनी पंख्याच्या आवाजाबद्दल यथेच्छ तोंडसुख घेतलं. धुराचा मात्र एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. सरपंच गणपतरावांसमोर ताईंनी कुरडयांची पाटी ठेवली.

"अख्खा ओंडका जाळला असता, तर पडदा मोडून काळा धूर झाला असता. या कुरडया भिंतीपलीकडं दिवसभर उघड्या होत्या, आणि एकीवरही काजळी नाही. म्हणजे ओंडका अख्खा जळला नाही. तुकडे करून जाळला असता, तर यार्डात पिवळा भुसा सांडला असता. तिथं नुसता पाला होता. पिवळा भुसा सापडला दुसरीकडंच."

"कुठं?" गणपतरावांनी विचारलं.

"नृसिंहच्या पँटीवर. वखारीतल्या बाकावरून आलेला."

बैठक खदखदून हसली. नृसिंहचे कान तापले.

"बाभळीचा गाभा तांबूस, निलगिरीचाही. पिवळा फणसाचा. तोच तुमच्या क्रेनच्या ट्रॅक्टरनं गेला, विजयसिंह. यंत्राजवळ तुम्ही कधी गेला नाहीत. जाळ म्हटला की धूर असणारच, असं धरून चाललात, आणि न झालेला धूर पाहिल्याचं सांगून बसलात."

विजयसिंह खाली बघत म्हणाले, "असलं लाकूड जन्मात एकदा मिळतं, गणपतराव. मोह झाला."

निलगिरीच्या ढिगाखालून फणसाच्या फळ्या निघाल्या, पालखीला पुरून उरतील एवढ्या. हलगी वाजवत गावानं त्या देवळात आणल्या.

पालखीच्या लाकडापुढं पहिला नारळ सरपंचानं वाढवायचा, हा गावचा रिवाज. गणपतरावांनी नारळ उचलला, डोक्यावरची टोपी नीट केली, आणि तो क्रांतीच्या हातात दिला.

"चुकलं आमचं, पोरी. आजचा मान तुजा."

नारळ एका घावात फुटला. नृसिंहला भरून आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही. अर्ध्या तासात यार्डावर पंखा घुमू लागला, आणि काल मशीन काढून घ्यायला निघालेला सगळा गाव कुंपणापाशी उभा राहून क्रांतीचं काम बघत होता.