तीन दिवस आधीची धूळ

अरबस्तानच्या वाळवंटात वादळ उठलं, की त्याची धूळ समुद्र ओलांडून फुलसावंगीपर्यंत यायला निदान तीन दिवस लागतात. माझं संगणकावरचं प्रारूप हेच सांगतं, आणि यवतमाळच्या कॉलेजात मीही हेच शिकवते. धुरपताबाईंच्या गच्चीवरचं आमचं यंत्र मात्र ती धूळ वादळाच्या दिवशीच पकडत होतं. एकदा नाही, पाच वेळा.

बाई मनाला येईल तशा तारखा टाकतात, याबद्दल मला शंका नव्हती. रोज आठला यंत्रातला गाळणकागद बदलायचा, गच्ची झाडायची, वहीत लिहायचं, एवढंच तर काम. त्यातही झाडण्याच्या रकान्यात कित्येक दिवस नुसतं 'नाही'. खोटेपणा सापडला तर त्यांना कामावरून काढायचं ठरवूनच मी न कळवता फुलसावंगीच्या तांड्यावर जाऊन धडकले.

कोरा कागद मी स्वतः घातला, त्यावर सही केली आणि शेजारीच ठाण मांडून बसले. खाली बाई बादलशी, त्यांच्या मुलाशी, फोनवर बोलत होत्या. तो तिकडे, अरबस्तानच्या वाळवंटात ट्रक चालवतो.

तासाभरात कागद पिवळा पडला. आमच्याकडची माती काळी. ही फिकट, पिठासारखी. गच्चीवरही तिचा थर बसला होता. मी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडलं. वादळ तिकडे आत्ता कुठे उठत होतं.

मला रागच आला. शेजारच्या छतावरून कुणीतरी उधळली असणार. मी ब्रश काढला.

"मॅडम, झाडू नका!" बाई जिन्यातूनच ओरडल्या. "बादल आत्ताच निंघाला. मानूस वाटेवर असला का केर काढत नाई आमी. पोचल्याचा फोन येऊ द्या."

"म्हणून वहीत 'नाही' लिहिता?"

"मंग काय लिहू?"

मला हसूच आलं. चिमूटभर धूळ कुपीत भरली आणि बाकीची कठड्यावरून खाली लोटली. वाऱ्याने ती लगेच नेली.

फोन वाजला. बाईंनी स्पीकर लावला.

"याडी, मांगचा रस्ता गेला." बादल धापा टाकत होता. "वाळूखाली नाई गेला. नाईच तिथं. आता पुढचाबी जाऊन राह्यला."

बाईंनी माझ्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं.

मी घाबरले होते. कुपी पुढे केली.

त्यांनी ती गच्चीवर उपडी केली. बोटांनी धूळ सावकाश पसरली.

"दिसला रस्ता!" बादल म्हणाला. "दहा-बारा पावलं दिसून राह्यला. बाकीचा टाका ना, मॅडम."

धूळ मी झाडल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी माझ्यापुढे ओंजळ धरली.