पाण्याचा वाटा

त्या खजुराच्या झाडाला तीन मालक होते, आणि त्यांतला तिसरा मला पहिल्यांदा दिसला तो धुरात.

थंडी पडली की नाईलच्या काठावर चिलटांचे थवे उठतात. नाकात, डोळ्यांत, चहात, सगळीकडे चिलटं. मी डोक्यावरून जाळी ओढून, मान खाली घालून तरातरा चालले होते आणि सरळ एका माणसावर जाऊन आदळले. चिलटं पळवायला त्यानं हातात पेटता दोर धरला होता. अंगाला पंपाच्या डिझेलचा वास. त्यानं माझ्या जाळीकडे पाहिलं... मग जाळीच्या आत पाहिलं.

"मधमाश्या पाळायला आलात का?"

"झाड पाडायला आलेय," मी म्हणाले. "तुम्ही हमदून असाल तर तुमच्याकडेच निघाले होते."

"मग मधमाश्या बऱ्या," तो म्हणाला, आणि धूर माझ्या बाजूला येईल असा दोर हलवला. चिलटं गेली. तो मात्र गेला नाही.

मी नबरा. उम्म दुर्मान शहरातली, जुन्या वस्त्यांचं उत्खनन करणारी. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच एक अख्खा चर माझ्या एकटीच्या ताब्यात दिला होता. गावाबाहेर मातीच्या विटांची एक जुनी तटबंदी सापडली होती, कुश राज्याच्याही आधीची, चार हजार वर्षांच्या आसपासची. आमचे प्रमुख डॉक्टर उस्मान म्हणत, ही तर मिसरच्या किल्ल्यांची नक्कल, कोपरा काटकोनातच निघणार. मी म्हणत होते, गोल निघेल. आपली माणसं भिंतीला वळण देत, कोन नाही, आणि ही रीत त्यांनी कुणाकडून उसनी घेतलेली नव्हती. माझं म्हणणं खरं ठरवायला तो कोपरा सापडायला हवा होता. हंगाम संपेपर्यंत नाही सापडला तर चर बुजणार आणि डॉक्टरांचं मत छापून येणार. आणि कोपऱ्याच्या जागी नेमकं हे झाड उभं.

त्या काठावर झाड एकाचं नसतं. जमीन ज्याची त्याचा एक वाटा, रोप ज्यानं दिलं त्याचा एक, आणि लहानपणी पाणी घालून ज्यानं ते जगवलं त्याचा एक. जमीनवाले हाज सिदाहमद लगेच हो म्हणाले. रोपवाल्या हाज्जा दहीबांनी दोन दिवस रुसून होकार दिला. पाण्याचा वाटा हमदूनच्या आईचा होता. ती गेली, तसा तो याच्याकडे आला.

"माझा वाटा सोडून बाकीचं खुशाल कापा," तो म्हणाला.

"तुमचा वाटा कुठला? वरचा की खालचा?"

"आईनं सांगितलं नाही. पाणी घालताना तिनं असा भेद केला नसावा."

मी रोज जाऊ लागले. कधी तो म्हणे, जुम्म्यानंतर बघू. कधी म्हणे, झाडाला विचारतो. ज्याला नाही म्हणायचं असतं तो एकदाच नाही म्हणतो. हा रोज नव्यानं म्हणत होता, आणि तेही पुदिन्याचा चहा पाजून. मी काही इतकी भोळी नव्हते. पण चहा चांगला असायचा, आणि पंपाचे काळे हात धुऊन तो पेला पुढे करायचा तेव्हा माझं लक्ष कामावर राहत नसे, हेही खरं.

एकदा मात्र माझा संयम सुटला. मी झाडाखाली वाळूत बसले आणि बोटानं त्याला तटबंदी काढून दाखवली. "ही भिंत इथवर आली. आता ही अशी... अशी वळणार..."

माझं बोट थांबलं.

भिंत गोल वळली, तर ती झाडाला शिवतच नव्हती. अलीकडूनच वळून जात होती. झाडाखाली कोपरा येणार तो डॉक्टरांच्या काटकोनातला. महिनाभर मी दुसऱ्याच्या मताप्रमाणे झाड मागत होते, आणि स्वतःचं मत घसा फोडून सांगत होते.

हमदूननं वाळूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसू दाबताना त्याच्या गालाला खळी पडली.

"बोल एकदाचं," मी म्हणाले. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"काही नाही. उद्या चहाला यायला तुला कारण उरलं नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी चर अलीकडे वळवला. आठवड्यात विटा वाकू लागल्या, एकीला लागून दुसरी, सावकाश, ठाम. डॉक्टर उस्मान खाली उतरले, भिंतीवरून तळवा फिरवला, "गोल आहे" म्हणाले आणि चहा मागितला. मला जग जिंकल्यासारखं झालं.

पण चर झाडाच्या मुळांजवळून गेला होता आणि त्या बाजूची माती वाळत होती. माझ्या खोदकामानं हे झाड मरणार नाही, असा शब्द मी हमदूनला दिला होता. म्हणून रोज संध्याकाळी नदीवरून बादली भरून आणायचे आणि बुंध्याशी ओतायचे. तो पंपाशी बसून बघायचा. मदतीला एकदाही उठला नाही. घरांपुढच्या ओट्यांवर बसलेल्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या. एकीनं तर इथल्या लग्नघरात काढतात तशी जिभेनं लकेर काढली. मला वाटलं, भिंतीचं कौतुक असेल.

हंगाम संपत आला. भिंत वाळूनं झाकायला सुरुवात झाली. हाज्जा दहीबांनी मला जेवायला बोलावलं, गरम भाकरी पुढ्यात ठेवली आणि विचारलं, "मग पोरी, जेवण कधी?"

"हे काय, जेवतेय की."

"हे नाही. लग्नाचं." त्यांनी डोळे बारीक केले. "अगं, पाणी घालेल त्याचा वाटा. आणि पाण्याचा वाटा परक्याला देत नाहीत, तो घरातच राहतो. तू उघड उघड, अख्ख्या गावासमोर, त्याच्या झाडाला पाणी घालतेस आणि तो बसून बघतो. आम्ही काय समजायचं?"

घास माझ्या हातातच राहिला. मी तशीच उठले.

तो पंप उघडून बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले. "तू मला सांगितलं का नाहीस?"

त्यानं हात पुसले. पुसतच राहिला. "सांगितलं असतं तर... थांबली असतीस."

"म्हणून फसवलंस?"

"रोज ठरवायचो, आज सांगू. मग तू बादली घेऊन यायचीस." त्यानं मान वर केली. "मला तू आवडतेस, नबरा. पण तुम्ही लोक हवं ते सापडलं की वाळूनं झाकता... आणि निघून जाता."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तरी तो चेहऱ्यावर जरा वेळ तसाच ठेवला. तेवढी शिक्षा त्याला हवीच होती.

"ज्याच्याकडे परत यायचं असतं तेच झाकून ठेवतात," मी म्हणाले. "बादली कुठेय?"

नदीवरून झाडाकडे मागची वाट जवळची. मी पुढच्या वाटेनं गेले, सगळ्या ओट्यांसमोरून, भरली बादली हिंदकळवत. बुंध्याशी उभी राहून, त्यांच्याच नूबी भाषेत, मोडकंतोडकं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे माझं पाणी." आणि ओतलं. या वेळी लकेर एकीनं काढली नाही, सगळ्या ओट्यांनी काढली. हमदून पहिल्यांदाच जागचा उठला. रिकामी बादली त्यानं माझ्या हातातून घेतली, त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली... आणि तो पुन्हा भरून आणायला नदीकडे गेला.

मी आईला फोन लावला. तिचं गाव हल्फाकडचं, याच नदीकाठचं. ती लहान असताना धरणाचं पाणी चढलं आणि तिची झाडं, घर, सगळं बुडालं. खजूर विकत आणावे लागले की ती आजही गप्प होते.

"आई," मी म्हणाले, "एका खजुराच्या झाडात आता आपला वाटा आहे. येत्या हंगामात खजूर उतरवायला मी इथे येणार."

पलीकडे तिनं रेडिओ बंद केल्याचं ऐकू आलं.

"कसला वाटा?" तिनं हळूच विचारलं. "जमिनीचा, की रोपाचा?"

"पाण्याचा."

आईनं डोळे पुसले असावेत, कारण आवाज ओला होता, पण प्रश्न अगदी रोखठोक आला.

"नाव काय त्याचं?"