कोऱ्या चेहऱ्यांची माणसं

सबेनं हरणाचं ओलं कातडं चौकटीवर ताणून अंगणात उन्हाला ठेवलं, तोच एक सायकल येऊन त्यावर आदळली. सायकलच्या मागे लाकडी पेटी बांधलेली होती. तिला वाटलं, आइस्क्रीमवाला असेल. पण पडलेला तरुण उठला आणि धूळ न झटकताच कमरेत वाकून म्हणाला, "माफ करा... वळणावर घसरले."

"घसरले?"

"हो. मी जपानहून आले आहे."

मग उलगडा झाला. त्याचं नाव रेंजी. तो ओसाकात एका म्हाताऱ्या बर्मी बाईंकडे भाषा शिकला होता आणि त्यांच्यासारखंच बोलत होता. "को रेंजी, पुरुषमाणसं 'घसरलो' म्हणतात," नावाआधी आदराचं 'को' लावून सबे ओठ दाबत म्हणाली. तो कानापर्यंत लाल झाला.

चौकट मोडली होती, ती त्यानंच दुरुस्त करायची असं ठरलं. काम तासाभराचं, पण तो आठवडाभर येत राहिला. सबेचे वडील ऊ टिन शेन बर्मातल्या सगाईं गावातले जुने वीणा घडवणारे. हरणाच्या कातड्यानं मढवलेलं होडीसारखं पोट, त्यातून वर वळलेली खैराच्या मुळाची मान आणि सोळा रेशमी तारा. रेंजी तासन् तास बघत बसे. सबेचं लक्ष मात्र त्याच्या पेटीकडे.

"आत काय आहे?" तिनं एकदा विचारलंच.

"तुमच्या डाव्या अंगठ्याचं नख एवढं लांब का?"

"आधी मी विचारलं."

"पण मला जास्त दिवसांपासून पडलाय प्रश्न."

नखानं तार आतून दाबून सूर चढवतात, हे तिनं मांडीवर वीणा घेऊन दाखवलं. तो तिच्या बोटांकडे बघत राहिला, आणि मग... बोटांकडेच बघत नव्हता.

त्यानं पेटीची दारं उघडली. आत चित्रं होती, एकामागून एक सरकवायची. युद्ध नको, हे सांगणाऱ्या गोष्टी तो गावोगाव अशाच दाखवायचा. ही गोष्ट बर्मातली होती. भुकेला जपानी शिपाई गावात वीणा ऐकतो, रडतो आणि बंदूक टाकून देतो. रेंजीचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इथे लढले होते, पण त्यांनी घरी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. गोष्ट रेंजीच्या मनातली होती. युद्धात मेलेल्यांसाठी प्रार्थना करायला जपानहून मंडळी आली होती. त्यांच्यासोबतच तो आलेला. पौर्णिमेला टेकडीवरच्या पॅगोडापाशी ही गोष्ट त्यांच्यापुढे सांगायची होती, आणि सबेनं साथ करावी अशी त्याची इच्छा होती.

सबेनं चित्रं पुन्हा पाहिली. शिपायाच्या पापण्यासुद्धा रेखलेल्या होत्या.

"हे मागे कोण आहेत?"

"गावातली माणसं."

"यांचे चेहरे कोरे का?"

"मला ते... दिसलेच नाहीत," तो म्हणाला.

मग तिनं सांगितलं. जपानी शिपायांनी तिच्या आजोबांच्या नऊ वीणा फोडून चुलीत घातल्या होत्या. आजोबांना रेल्वे बांधायच्या सक्तीच्या कामावर नेलं, ते परतले नाहीत. घरात एकही वीणा उरली नाही, तेव्हा आजीनं रिकाम्या मांडीवर बोटं हलवून तिच्या बाबांना वाजवायला शिकवलं.

"या गोष्टीत कुणी रडलं नाही, को रेंजी. भात शिजला. मी साथ नाही करणार."

तो पेटी सायकलला बांधून गेला. तीन दिवस फिरकला नाही. सबे पुन्हापुन्हा तारा जुळवत राहिली, तेव्हा बाबा म्हणाले, "वीणा सुरातच आहे, पोरी."

चौथ्या दिवशी तो आला, बोटं शाईनं माखलेली. बाबांना त्यानं समोर बसवलं. आजोबांचे कान कसे होते, लाकूड कुठलं, भाताचं भांडं केवढं, असं एकेक विचारत दोन दिवस चित्रं काढली. त्याच्या मंडळींच्या प्रमुखानं बजावलं होतं की लोक आपल्या माणसांसाठी रडायला आलेत. ही गोष्ट सांगितलीस, तर आमच्याबरोबर परत येऊ नकोस.

"मग?" सबेनं विचारलं.

"मग सांगणार."

पौर्णिमेला टेकडीवर तिनं साथ केली. वीणा जळतात त्या चित्रापाशी तिनं तारांवर तळहात ठेवला. पॅगोडाच्या आवारात फक्त घंट्या किणकिणत होत्या. दोन माणसं उठून गेली. आणखी तिघं गेली. शेवटी मंडळींतल्या एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत पुढे आल्या आणि त्यांनी जपानीत काहीतरी विचारलं. रेंजी सबेकडे वळला. "आजोबांचं नाव विचारतायत."

"ऊ पो सेन."

बाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं, आणि इथे मेलेल्या नवऱ्यासाठी आणलेल्या उदबत्त्यांतली एक त्या नावानं लावली.

खाली मंडळींची बस निघून गेली. रेंजी चित्रं गोळा करत होता.

"आता कुठे जाणार?"

"ठरवलं नाही. मला फक्त... तुम्ही आवडता, मा सबे, एवढंच नक्की ठाऊक आहे. बर्मीत याहून चांगलं म्हणता येत असेल."

"येतं," ती म्हणाली. "पण मला एवढं पुरतं."

सबेनं आपली वीणा आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती, बाबांच्यासुद्धा नाही. ती तिनं उचलली, त्याच्या हातांत ठेवली, मानेला धक्का लागू नये म्हणून त्याचा कोपर जरासा वर केला, आणि घराच्या वाटेनं पायऱ्या उतरू लागली.